बाहेरची परीक्षक

"पायात घातल्याशिवाय बूट कसा कळणार रे?" मी लेम्मेतला विचारलं.

"मावशी, घालायचे नसतात, तपासायचे असतात. हे रकाने भरा." त्याने कागद पुढे सरकवला.

लेम्मेत आमच्या विद्यापीठात हस्तकला शिकवतो. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय. विद्यापीठ एवढंसं, पण तिथे रेनडिअर पाळायचं शिक्षण मिळतं, आमची सामी भाषा मिळते, कातडं शिवण्याची पदवीसुद्धा मिळते. मी शाळेत तीनच हिवाळे गेले, तरी बाहेरची परीक्षक म्हणून मलाच बोलावतात. नाही बोलावणार तर जातील कुठे?

टेबलापलीकडे रिस्तेन उभी होती. किनाऱ्याकडची पोरगी. आजोबांच्या वेळीच त्यांच्या घरातून भाषा गेली. ही इथे येऊन शिकली, अजून अडखळते. लेखी परीक्षेत जेमतेम तरलेली. तिने शिवलेल्या या बुटांना पूर्ण गुण मिळाले तर पदवी, नाही तर परत मासळीच्या कारखान्यात.

"टाके जाड आहेत," लेम्मेत म्हणाला. "तिसऱ्या रकान्यात गुण कापावे लागतील."

"कुणाचं बघून शिवलेस?" मी पोरीला विचारलं.

"तुमचे जुने बूट संग्रहालयात आहेत ना, त्यांचं."

"मी मेले नाही अजून. घरी यायचंस."

"भीती वाटली."

"तेवढी अक्कल आहे म्हणायची."

मी पायातले दुकानचे रबरी बूट काढले. चार वर्षं तेच घालते आहे. हाताची बोटं वाकडी झाली, सुई धरवत नाही. कुणी विचारलं तर सांगते, हलके पडतात. पोरीच्या बुटांत मोज्यांऐवजी वाळलं गवत दाबून भरलं, पाय घातले आणि तडक नदीवर गेले.

नदी गोठलेली. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ झाडून नेला होता, खाली नुसती काच. अशा बुटाचा तळवा रेनडिअरच्या केसाळ कातड्याच्या दोन तुकड्यांचा असतो. एकाचे केस पुढे, दुसऱ्याचे मागे. तिथे चुकलं की माणूस आपटलाच.

"मावशी, कंबर मोडेल," लेम्मेत काठावरून म्हणाला.

"तुझ्या रकान्यांत कंबर आहे का?"

मध्यापर्यंत गेले. थांबले, गर्रकन वळले, टाच आपटली. पाय जिथल्या तिथे. बोटांपर्यंत ऊब पोचली होती.

"किती लिहू मग?"

मी पुन्हा चालू लागले. माझं घर पलीकडच्या काठावर आहे.

"अहो मावशी, बूट परत द्यायचे असतात."

"वाईट असते तर दिले असते. सगळ्या रकान्यांत तेच लिही."

मागून पावलं वाजली. रिस्तेन माझे रबरी बूट घेऊन आली होती. नाक लाल, डोळेही लाल.

"आजी, गवत रोज वाळवा हं."

"मला शिकवतेस?"

ती मान खाली घालून परतली.

घरी आल्यावर मी शेगडी पेटवली. बुटांतलं गवत काढून, सोडवून, जवळ पसरलं. तेवढं अजून बोटांना जमतं.