बावखलातली डुबकी

मित्रांनो, मी एक जुनं बावखल आहे. तळं म्हणालात तरी चालेल, पण डबकं म्हणू नका हं! भुईगावच्या हरिश्चंद्राच्या पणजोबांनी वाडीच्या भरावासाठी माती उपसली आणि त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठून माझा जन्म झाला. माझ्यावर रहाट बसला. केळी, पानवेली, मोगरा, सगळं माझ्याच जिवावर. तेव्हा माझं कौतुक काय विचारता!

हरिश्चंद्राची जयवंती आईवेगळी पोर. शेजारच्या सालोमी तेलिणीने तिला वाढवलं. सालोमी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. शुक्रवारी तिन्हीसांजेला सालोमीच्या दिव्यापाशी बसता बसता पोरीचं मन त्या एका, मूर्ती नसलेल्या देवावर जडलं. मोठी झाल्यावर म्हणाली, "मला यहुदी व्हायचंय."

मुंबईच्या यहुदी जाणत्यांनी तिला पुन्हा पुन्हा परत पाठवलं. "आहेस तिथं सुखी राहा. आमची बंधनं कशाला गळ्यात घेतेस?" पण ती हटली नाही. शेवटी तिघे जाणते आले. धर्मात घ्यायचा विधी पाण्यात बुडण्याचा, आणि घागरींनी भरलेलं पाणी चालत नाही. आभाळातून पडून साठलेलं हवं. म्हणजे माझंच की!

हरिश्चंद्र मात्र माझ्या काठावर बसून पुटपुटला, "डुबकी मारली की माणूस नव्याने जन्मतं म्हणे. ती त्यांच्या मूळपुरुषाची, अब्राहामाची लेक होणार. मग मी कोण?" त्या दिवसापासून लेक काठावर आली की तो उठून केळीत निघून जाई.

पौषातली सकाळ. बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरला, तिघे पाठ करून उभे राहिले. जयवंती पायरीवर कुडकुडत होती. इतक्यात हरिश्चंद्र पलीकडच्या काठाने वाफाळतं घंगाळ घेऊन आला आणि त्याने ते माझ्यात उपडं केलं.

"अहो हरिभाऊ, काय केलंत हे!" सालोमी ओरडली. "भरून आणलेलं पाणी चालत नाही! पोरीचं सगळं वाया घालवलंत!"

हरिश्चंद्राने रिकामं घंगाळ छातीशी धरलं. "लहानपणापासून गार पाण्याला भिते ती. मला काय ठाऊक..."

माझाही जीव टांगणीला लागला. तिघांतले म्हातारे एलोजी पाठमोरेच हसले. "बावखल तुडुंब आहे. भरल्या पाण्यात घंगाळभर पडल्याने काही बिघडत नाही. आणि हरिभाऊ, जन्मदात्याचा मान राखणं तिला यापुढेही सुटत नाही. तुमचं बापपण कुणी घेत नाही."

जयवंती गळ्यापर्यंत उतरली. "देवाच्या आज्ञा पाळशील?" एलोजींनी विचारलं. "पाळीन," ती म्हणाली आणि पूर्ण बुडाली, केसाचं टोकही वर राहिलं नाही. वर आली ती हसतच.

"बाबा, पाणी गारच आहे हो!"

हरिश्चंद्र काठावर बसून हसला आणि रडलाही.

पुढे वाडीत पंप आला, रहाट मोडला. लोक माझ्यात केळीचे खुंट नि कचरा टाकू लागले. "बुजवून टाका हरिभाऊ, चार केळी जास्त लागतील," असंही सांगू लागले. हरिश्चंद्र आता थकलाय. तरी लेक माहेरी यायच्या आधी स्वतः उतरून शेवाळ काढतो आणि सांगणाऱ्यांना म्हणतो, "पोर एकदा माझ्या घरात जन्मली, एकदा इथं. बुजवू कशी?"

मित्रांनो, तो आहे तोवर मला धास्ती नाही. त्याच्या माघारी मला सांभाळायला तुम्ही आहात ना?