चारही बाजूंचं मार्जिन

आमचे हे शिंपी. जन्मभर लोकांचे कपडे बेतले आणि त्याच हाताने एक घरही बेतायला गेले. गोंधळ झाला तो तिथे.

शहराच्या ऐन मध्यात आमचं दुकान, मागे दोन खोल्या, वर मोकळी गच्ची. लेक, जावई आणि तीन वर्षांची नात जवळच भाड्याच्या एका खोलीत. गच्चीवर त्यांच्यासाठी दोन खोल्या चढवायचं ठरलं. नकाशा काढणाऱ्याला मापं यांनीच नेऊन दिली. चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे, मापाला परका माणूस कशाला, असा तोरा.

पालिकेचं पत्र आलं आणि माझं डोकंच फिरलं. परवानगीचं शुल्क मी समजू शकते. पण म्हणे बांधकाम पाचशे चौरस फुटांच्या वर जातंय, तेव्हा गाडी लावायला जागा दाखवा, नाहीतर त्याबदली पैसे भरा. आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. आणि ती रक्कम भिंतींच्या खर्चाहून मोठी. नाकापेक्षा मोती जड! लेकीने मुकाट्याने शहराबाहेर, दीड तासावर एक खोली बघितली. सोमवारी होकार कळवायचा होता. नात रोज संध्याकाळी दुकानात चिंध्यांशी खेळते. ते आता संपणार होतं.

शुक्रवारी सकाळी रागारागाने टेप घेऊन मीच गच्चीवर गेले. गच्ची भरली वीस फूट बाय चोवीस. नकाशात एकवीस बाय पंचवीस. पुन्हा मोजलं, तेच. खाली येऊन विचारलं, हा फूट-फूट जास्तीचा आला कुठून?

"चारही बाजूंनी अर्धा फूट मार्जिन धरलंय," मशीन न थांबवता हे म्हणाले. "पोर वाढत्या अंगाची आहे. पुढेमागे उसवून मोठं करता यायला नको?"

मी पोट धरून हसले आणि हसता हसता रडले.

यांना तसंच उठवून पालिकेत नेलं आणि खिडकीवरच्या बाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून यांच्याकडे एकदा नीट बघितलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण त्या दुपारीच गच्चीवर मोजायला हजर. चारशे ऐंशी चौरस फूट भरले. गाडीच्या रकमेवर त्यांनी लाल रेघ मारली आणि खाली सही केली.

लेकही गच्चीवर आली होती. तिने तिथूनच त्या लांबच्या घरमालकाला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग बापाला गळ्यातल्या टेपसकट मिठी मारली. मला इतका आनंद कैक वर्षांत झाला नव्हता.

आता भिंती उभ्या राहताहेत. गवंड्याला मापं मी देते. हे पडदे शिवायला बसलेत आणि खाली चार बोटं जास्तीची दुमडून ठेवलीत. खिडकी काही वाढायची नाही, पण मी गप्प आहे.