चादरीखालची मिओ

धम्मप्रिया जपानला गेली ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. नागोयाजवळच्या एका लहान गावात तिला नोकरी लागली होती. तिथल्या एका आजींची मुलगी, हानाए मोरिशिता, दर रविवारी आईला भेटायला यायची. एकदा त्या आजींचा पाय घसरला आणि धम्मप्रियाने त्यांना पडता पडता कमरेतून असं अलगद उचललं, की हानाए बघतच राहिली. हे कुठे शिकलीस, असं तिने विचारलं. कुस्तीत, असं धम्मप्रियाने सांगितलं.

हानाए बायकांच्या कुस्तीची कंपनी चालवायची. कंपनीचं नाव कावासेमी, म्हणजे खंड्या पक्षी. कंपनी कसली, पाच बायका आणि एक जुनी व्हॅन. शाळेच्या हॉलमध्ये, बाजाराच्या मोकळ्या जागेत खेळ करायचे. तिकिटं फाडण्यापासून खुर्च्या उचलण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या. हानाएने पंचेचाळिशी ओलांडली होती, तरी रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबावर चढून ती अजून उडी मारायची. वर्षभराने रीतसर कागदपत्रं बदलून धम्मप्रिया तिच्याकडे आली.

तिथे प्रत्येकीचं एक सोंग ठरलेलं असतं. धम्मप्रियाच्या वाट्याला दुष्ट बाई आली. ती सोलापुरी चादर पांघरून यायची, आणि पंचाची पाठ वळली की तीच चादर समोरचीच्या डोक्यावर टाकून तिला बुकलायची. लोक तिला 'सोरापुरु', म्हणजे जपानी उच्चारात सोलापूर, म्हणत आणि तिची मनापासून हुर्यो उडवत. समोर मिओ असली तर जास्तच. मिओ वीस वर्षांची, चणीने लहान, हसरी. ती नुसती आत आली तरी म्हाताऱ्या बायका तिच्या नावाने रुमाल हलवायच्या.

धम्मप्रियाची शाळेतली मैत्रीण चंद्रिका सोलापुरात घरचा टॉवेल-चादरीचा कारखाना सांभाळायची. तिने चादरीतल्या धम्मप्रियाचे फोटो पाहिले आणि फोनवर सरळ हानाएलाच आमंत्रण दिलं. डिसेंबरात धम्मप्रियासकट कावासेमीच्या सहाही जणी सोलापुरात उतरल्या. अक्कलकोट रोडवरचं एक मंगल कार्यालय ठरलं, रिंग पुण्याहून भाड्याने आली, आणि गल्लीबोळांत बॅनर लागले.

एकच गोष्ट राहिली होती. धम्मप्रियाचे वडील ईश्वर कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तरुणपणी ते स्वतः लढायचे. एका जत्रेत त्यांच्या आवडत्या पैलवानाने आधीच ठरवून पाठ टेकली, हे त्यांना नंतर कळलं, आणि त्यांनी आखाड्यात जाणंच सोडलं. अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. तो शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा होता. मुलीला मात्र त्यांनीच डाव शिकवले होते. ती जपानमध्ये कुस्ती खेळते एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी जेवताना धम्मप्रियाने सगळं सांगितलं. कोण जिंकणार ते आधी ठरतं, ती बहुतेक वेळा हरते, तेही ठरलेलंच असतं.

ईश्वरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हंजे नुरा," ते म्हणाले.

"व्हय, पप्पा."

ते हात धुवायला उठले. मी काही येणार नाही, असं त्यांनी मोरीतूनच सांगितलं. भीमाबाई, धम्मप्रियाची आई, म्हणाली की तिला नुरा-बिरा काही कळत नाही, ती पहिल्या रांगेत बसणार.

दुसऱ्या दिवशी सराव होता. भीमाबाईने सहा जणींचं जेवण बांधलं आणि डबा पोचवायला मुद्दाम नवऱ्यालाच धाडलं. ईश्वर दारातून डबा देऊन परतणार होते. तेवढ्यात हानाए खांबावर चढली आणि तिथून उडी मारून पाठीवर आदळली. कार्यालयाची फरशी हादरली. ती उठली, मान चोळली, पुन्हा चढली. समोरची पोरगी झेलायला वेळेत पोचत नव्हती, म्हणून तिने तीच उडी परत परत मारली. ईश्वर खुर्ची ओढून बसले ते जेवणाची वेळ होईपर्यंत. निघताना त्यांनी मुलीला बाईंचं वय विचारलं. मग म्हणाले की ते येतील, पण मागे बसतील आणि टाळ्या वाजवणार नाहीत.

रविवारी चार वाजता हॉल भरला. तालमीतली पोरं, कारखान्यातल्या बायका, धम्मप्रियाची सगळी गल्ली. पहिल्या लढतींत लोक थोडे हसले, एक-दोघांनी नुरा नुरा म्हणून ओरडूनही पाहिलं, पण हानाएच्या उडीनंतर ते गप्प झाले. मग शेवटची लढत आली, धम्मप्रिया आणि मिओची.

ती चादर पांघरून आली तेव्हा छत उडेल असा गलका झाला. गावची पोरगी, गावची चादर. तिने मिओचे केस ओढले, शिट्ट्या वाजल्या. चादर टाकून मिओला चोपलं, लोक खुर्च्यांवर उभे राहिले. उलट मिओने एक साधी चापट मारली तर सगळा हॉल तिच्यावर ओरडला. अशी वेळ मिओवर कधी आली नव्हती. तिला भाषा कळत नव्हती, पण आवाज कळत होता. पुढचा डाव ती विसरली. धम्मप्रियाने सावरून घ्यायला पुन्हा तिच्यावर चादर टाकली आणि वर बसली, तर खालून हुंदका ऐकू आला.

तिने वाकून हळूच विचारलं. मिओ म्हणाली, "मी यांना आवडत नाही."

ठरल्याप्रमाणे आता मिओने उठून जिंकायचं होतं. पण या आवाजात ती उठणार कशी, आणि उठून जिंकली तर लोक तिला काय म्हणतील, हे धम्मप्रियाला दिसत होतं. पंच म्हणून उभ्या असलेल्या हानाएकडून तिने माइक मागून घेतला. हानाएला काही उमगलं नाही, तरी तिने दिला.

"ही चादर बघताय न्हवं?" धम्मप्रिया म्हणाली. "दोन धुण्यांत विटती. तिकडं मी हिनं फरशी पुसती."

हॉल शांत झाला. पहिल्या रांगेत चंद्रिकाने कपाळाला हात लावला.

"आन् शेंगाचटणी म्हणाल तर, मी आता पुण्याचीच खाती."

मग मागून एक खुर्ची पडल्याचा आवाज आला. ईश्वर उभे होते, चेहरा लाल. "खाली उतर तितनं," ते ओरडले. "लाज वाटती का तुला?"

त्यांच्यामागोमाग सगळा हॉल उठला. कुणी कागदाचे बोळे फेकले, कुणी पाण्याची बाटली. भीमाबाईही काहीतरी बोलली, ते गोंगाटात ऐकू गेलं नाही हे बरं. आणि कुठूनतरी एक बाई ओरडली, ऊठ गं पोरी, ऊठ. ते मग सगळ्यांनीच उचललं. चादरीच्या काठाखालून मिओचं डोकं बाहेर आलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती उठली, डोळे पुसले, आणि तिने धम्मप्रियाला असं उचलून आपटलं की धम्मप्रियाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मिओ तिच्यावर बसली, हानाएने फरशीवर तीन थापा मारल्या आणि लढत संपली. लोकांनी मिओला खांद्यावर घेऊन कार्यालयाला फेरी मारली.

घरी आल्यावर ईश्वरांनी चपला काढल्या. मग म्हणाले, "मला म्हाईत हुतं, सगळं ठरल्यालं हाय. तरी राग आला. लई आला."

"ते बोलणं ठरलेलं न्हवतं, पप्पा. मिओ रडत हुती."

ईश्वरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. पाठ कुठे दुखते ते विचारलं, आणि तेलाची बाटली आणायला आत गेले.

सोमवारी मिओला सिद्धेश्वराचा तलाव बघायचा होता. ईश्वरही बरोबर निघाले. वाटेत पोरांनी मिओला ओळखलं, फोटो काढले. तळ्याकाठी पेरू विकणाऱ्या चिमाबाईंनी तिला हाक मारून, चांगला पिकलेला पेरू निवडून, तिखटमीठ लावून हातात दिला आणि पैसे घेईनात. मिओने दोन्ही हातांनी तो घेतला आणि कमरेतून वाकली. मग धम्मप्रिया पुढे झाली. चिमाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पेरूंवर पदर ओढला.

"तू पुण्यालाच जाऊन खा," त्या म्हणाल्या.

धम्मप्रियाला हसू आवरेना. ईश्वर खिशात हात घालत पुढे आले आणि म्हणाले, "द्या की मावशी एक. पोरगी माजी हाय."

चिमाबाईंनी टोपलीत हात घालून सगळ्यात कच्चा पेरू शोधून काढला.