खरवडायचं नाही ते नाव

मायामीहून आणलेली, सोल नावाच्या अमेरिकन धाटणीच्या गाण्याची ती तबकडी म्हणजे अल्बर्नचा हुकमी एक्का. भोंगे मांडून नाच भरवणं हा त्याचा धंदा. गाण्याचं नाव दुसऱ्या भोंगेवाल्याला कळू नये म्हणून तिचं लेबल त्याच्या बायकोनं, मर्टलनं, स्वतः नाण्यानं खरवडलं होतं. सात महिने गुपित टिकलं. आणि आज ईस्टर सोमवारी, भर दुपारी, दोन भोंगेवाल्यांच्या सामन्याच्या वेळी समोरच्या भोंगेवाल्या स्टॅनफर्डनं नेमकं तेच गाणं वाजवलं.

पत्र्याच्या कुंपणाआतली गर्दी उसळून त्याच्याकडे सरकली.

"काय रे अल्बर्न, संपला का पेटारा?" स्टॅनफर्ड माइकवरून ओरडला. "बायकोला म्हणावं, बोकडाचं कालवण तरी वाढ!"

लोक खदखदून हसले. मर्टलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज हरलो की पुढच्या नाचाला काळं कुत्रंही फिरकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. नाचाला आलेल्यांना कालवण वाढायची हातातली पळी तिनं टाकली आणि टोपलीतून एक नवी तबकडी काढली. तेच गाणं तिनं चर्चमधल्या दोघा वादकांना घेऊन परवा स्वतः गाऊन या तबकडीवर उतरवलं होतं. ऐकून अल्बर्ननंच नाक मुरडलं होतं.

"हे लाव."

"वेडी झालीस? किती संथ आहे ते! अमेरिकन बाईसारखं वाटतं का कुठे?"

"मी अमेरिकन नाहीच मुळी. लाव!"

"हसं होईल, मर्टल."

"ते झालंच आहे. हो बाजूला."

तिनंच सुई टेकवली. आधी बास गिटार ऐकू आली, सुरांमध्ये जागा सोडत, सावकाश. मग तिचा आवाज. कुणी हसेना, कुणी नाचेना. संपलं सगळं, असं मर्टलला वाटलं. तेवढ्यात पुढच्या एका म्हातारीनं डोळे मिटून कंबर हलवली. मागे कुणीतरी दाद म्हणून कुंपणाचा पत्रा बडवला, मग सगळेच बडवायला लागले.

"पुन्हा! पुन्हा लाव!"

"अरे, ही गाते कोण?" आता स्टॅनफर्डच विचारत होता.

अल्बर्ननं तबकडी उचलली. लेबलवर शाईनं गाणारीचं नाव लिहिलं होतं, 'मर्टल गेल'. त्यानं सवयीनं खिशातून नाणं काढून त्यावर टेकवलं.

मर्टलनं त्याचं मनगट धरलं. "ते नाही खरवडायचं."

"अगं, उद्या तुला गायला पळवतील हे दुसरे भोंगेवाले!"

"तुला ऐकवलं तेव्हा नाक मुरडलंस. आता त्यांना कळू दे."

तिनं माइक त्याच्यासमोर धरला. पत्रे वाजतच होते. अल्बर्ननं नाणं खिशात टाकलं आणि कुंपणाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात बायकोचं नाव वाचलं.