इथे माझं काही काम नाही

तिसऱ्यांदा मेल्यावर मावशींनी चष्मा काढून हातरुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावरची सूचना परत वाचली. ‘शत्रूचा वार येताच लोळा.’

“आता लोळायला सांगताहेत,” त्या वैतागून म्हणाल्या.

“मग लोळ की,” स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला. “रविवारच आहे.”

“मला नव्हे हो! गेममध्ये. तो एवढा धिप्पाड राक्षस कुऱ्हाड घेऊन अंगावर येतोय, आणि हे म्हणतात जमिनीवर लोळा.”

“कपडे खराब होत असतील.”

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होतं आणि भाजी चिरतानाही तो तुकडे मोजूनमापून एकसारखे करायचा. बायको रोज संध्याकाळी सहा ते आठ कॉम्प्युटरवर लढायला जाते, एवढंच त्याला ठाऊक होतं. कोणाशी लढते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. संसार टिकवायचा तर काही प्रश्न न विचारलेलेच बरे, असं त्याचं मत होतं.

मावशींचं वय चौपन्न. दिवसा त्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायच्या. अकरा वर्षांपूर्वी मुलगी शिकायला लांब गेली तेव्हा जाताना तिने आईला हा जुना ऑनलाइन गेम लावून दिला. “आई, आपण रोज इथेच भेटत जाऊ,” म्हणाली. तीन महिन्यांत मुलगी कंटाळली. तिने आईलाही सोडायला सांगितलं, पण तोवर आईला तिथे तीन सोबती मिळाले होते आणि त्यांना अर्ध्या डोंगरावर सोडून येणं काही तिच्या मनाला पटेना. मावशी हे नावही त्या तिघांनीच ठेवलेलं.

एक मास्तर. साठीचे, लोकांना गाडी चालवायला शिकवणारे. दुसरा खिळा, तो सुतार. तिसरी ढग. ती बेकरीत होती आणि पहाटेपासून भट्टीपुढे उभी असायची. चौघांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती. आवाज मात्र इतके ओळखीचे की कोणाला सर्दी झालीय ते शिंकेच्या आधी कळायचं.

मावशी त्या टोळीच्या वैद्य होत्या. लढायचं बाकीच्यांनी, मावशींनी मागे उभं राहून त्यांना जगवायचं. पडद्याच्या डाव्या कडेला चौघांच्या चार हिरव्या रेघा असत. कोणाची रेघ आखडली की त्याच्यावर औषधाचं बटण दाबायचं. अकरा वर्षं मावशी त्या रेघांकडेच बघत आल्या होत्या. खिळ्याची रेघ सुरुवातीलाच धाडकन उतरायची, कारण तो सगळ्यांच्या पुढे धावायचा. मास्तरांची तिळातिळाने कमी व्हायची. ढगची बराच वेळ हलायचीच नाही आणि मग एका दणक्यात नाहीशी व्हायची; तसं झालं की समजायचं, आज बेकरीत पोरीला बोलणी बसलीत. एकच ड्रॅगन या टोळीने चाळीस वेळा तरी मारला असेल. पण त्या ड्रॅगनला पंख आहेत का, असं कोणी विचारलं असतं तर मावशींना मास्तरांकडे बघावं लागलं असतं. त्यांनी ड्रॅगनकडे कधी पाहिलंच नव्हतं.

तर हा जुना गेम महिन्याअखेर कायमचा बंद होणार, अशी सूचना आली. आता सगळ्यांनी मिळून कुठे जायचं? नवे दोन गेम आले होते, तिसरा यायचा होता. “मावशीच बघून सांगेल,” खिळा म्हणाला. “तिचं काम चोख असतं. ती म्हणेल तिथे जाऊ.” मावशी तेव्हा मनातून फुलल्या होत्या. आज त्यांना आपण कशाला हो म्हटलं असं झालं होतं.

पहिल्या गेममध्ये चेहरा निवडण्यातच पाऊण तास गेला होता. नाकाची लांबी, भुवयांची जाडी, गालावरचा व्रण, सगळं आपणच ठरवायचं. मावशींनी सवयीने तोंड उघडून दात पाहिले आणि कपाळाला हात लावला. वरचे सुळे खालच्यांच्या आत बसवले होते. असल्या तोंडाने माणूस साधी भाकर चावू शकला नसता, आणि हा म्हणे राज्य वाचवणार. पुढे लढाईत तर सगळंच डोक्यावरून गेलं. त्यांनी लॅबची एक कोरी चिठ्ठी पर्समधून काढली आणि मागच्या बाजूला लिहिलं, ‘फार घाई. राक्षस कुठून येतो ते दिसत नाही. दात चुकीचे.’

सोमवारी दुसरा गेम. हा मात्र देखणा होता. आकाशात तरंगणारी बेटं, एका बेटावरून दुसऱ्यावर दोरीला लोंबकळत जायचं. दात ठीक. मावशी दोनदा खाली पडल्या, पण पडतानाही आजूबाजूचे पांढरे ढग बघून बरं वाटलं. खिळ्याला उड्या मारायला मिळतील, ढग खूश होईल, मास्तरांना होडी चालवता येईल, असं त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मग त्यांनी पडद्याच्या डाव्या कडेला पाहिलं. तिथे एकच रेघ होती. त्यांची स्वतःची. त्यांना वाटलं आपलंच काही दाबायचं राहिलं. अर्धा तास सगळी पानं उलटीपालटी करून वैद्य कुठे निवडायचा ते शोधलं. तो नव्हताच. प्रत्येकाच्या कमरेला औषधाच्या तीन बाटल्या. ज्याला लागेल त्याने आपली आपण प्यायची. मावशी बराच वेळ त्या बेटावर नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली.

मंगळवारचा गेम अजून यायचा होता; फक्त एक दिवस चाचणीसाठी उघडला होता. त्यात काय काय असणार याची यादी मोठी होती, असलेलं मात्र थोडं. एक सरदार हवेत उभा होता, कारण त्याच्या पायाखालचा जिना अजून व्हायचा होता. मावशी त्याच्याशी बोलायला गेल्या आणि जमिनीतून आरपार खाली गेल्या. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘जमीन यायची आहे.’

गुरुवारी सकाळी लॅबच्या मालकीणबाईंनी त्यांना आत बोलावलं.

“बसा. माझं काही चुकलं का?”

“तुमचं?” मावशी गोंधळल्या.

“सतरा वर्षं झाली तुम्हाला इथे. सोडून जायचं तर तोंडावर सांगायचं. डेंटिस्टला कवळीच्या डब्यातून कशाला कळवायचं? त्यांचा फोन आला होता. म्हणाले, खालची कवळी छान बसली, पण सोबत राजीनामा आलाय.”

बाईंनी फोनवर आलेला चिठ्ठीचा फोटो पुढे केला आणि स्वतःच वाचून दाखवला. “‘सगळं फार सुंदर केलंय. बाकीच्यांनी खुशाल जावं. पण इथे माझं काही काम नाही. जो तो आपापली बाटली घेऊन फिरतो.’” बाईंनी मान वर केली. “बाटली कोण घेऊन फिरतं आपल्याकडे? मला नाव सांगा.”

मावशींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मंगळवारच्या चिठ्ठीबरोबर सोमवारचीही त्यांनी अॅप्रनच्या खिशात ठेवली होती आणि बुधवारी कवळी डब्यात भरताना त्या सोमवारच्या चिठ्ठीच्याच पुढच्या बाजूला माप आणि दातांचा रंग लिहून दिला होता. इतक्या वर्षांत त्यांनी वरची कवळी खालच्या डब्यात घातली नव्हती, आणि घातलं ते हे.

“अहो, ते गेमबद्दल आहे,” त्या म्हणाल्या.

“कसला गेम?”

“राक्षस असतात. त्यांना मारायचं असतं.”

“तुम्ही मारता?”

“नाही. मी मागे उभी असते.”

बाईंनी फोन खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही सोडून जात नाही आहात?”

“इथून नाही,” मावशी म्हणाल्या. तेवढं बोलून त्या घाईने उठल्या आणि हातरुमालाने चष्मा पुसत आपल्या टेबलाकडे गेल्या. समोर प्लास्टरचा जबडा होता, त्यावर मेणात दात बसवायचे होते. नेहमी सहज होणारं काम. आज दुसरी दाढ तीनदा काढून बसवली. आपण चिठ्ठीत लिहिलं ते खरंच आहे, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कळलं होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने एका गेमपायी रडावं का, हे मात्र कळेना.

संध्याकाळी जुन्या गेममध्ये चौघं डोंगराच्या पायथ्याशी जमली. हेडफोनचा एक कान मोकळा ठेवून मावशींनी अहवाल दिला. पहिला नको. तिसऱ्याला अजून जमीन नाही. दुसरा उत्तम. दोरी सांगितली, होडी सांगितली, ढग सांगितले. शेवटची दोन वाक्यं गिळली.

“ठरलं मग!” खिळा ओरडला. “रविवारी सहा वाजता. मावशी, तू ग्रेट आहेस.”

“तुम्ही तिघं जा,” मावशी म्हणाल्या. “माझ्या कॉम्प्युटरवर तो नीट चालत नाही.”

“सोमवारी तर चालला ना?” ढग म्हणाली. “तूच म्हणालीस, पडताना ढग दिसले म्हणून.”

“तेव्हा चालला. आता अडकतो.”

“कुठे अडकतो?” मास्तरांनी विचारलं. साठ वर्षांच्या माणसाला थापा ओळखू येतात. त्यातून ब्रेक दाबला होता म्हणणारी माणसं ते रोज ऐकायचे. “मावशी, खरं काय ते सांगा.”

मावशींनी दोनतीन सबबी मनात जुळवून पाहिल्या. एकही नीट बसेना.

“तिथे वैद्यच नाहीये,” त्या शेवटी म्हणाल्या. “जो तो आपलं औषध आपण घेतो. तुमच्या रेघासुद्धा दिसत नाहीत मला. मला लढता येत नाही, लोळता येत नाही. मग मी तिथे येऊन करू काय? माझं काही काम नाही तिथे.”

खिळ्याच्या बाजूने पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“मावशी,” ढग म्हणाली, “पण काम करायला कोण जातंय? मी दिवसभर कामच करून येते.”

“आम्हाला तरी कुठे नीट लढता येतं?” खिळा म्हणाला. “अकरा वर्षं तू जगवलंस म्हणून जगलो. तिथे मी पाच मिनिटं टिकत नाही बघ.”

“हे खरं आहे,” मास्तर गंभीरपणे म्हणाले.

रविवारी सहाला चौघं आकाशातल्या पहिल्या बेटावर उतरली. कोणाच्या बाटल्या कुठे, दोरी कशी फेकायची, यात वीस मिनिटं गेली. मावशी सवयीने सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांची नजर सारखी डावीकडे जायची आणि रिकामी परत यायची. कोण दुखावलंय, कोण दमलंय, काही म्हणजे काही कळायला मार्ग नव्हता. “खिळ्या, बरा आहेस ना?” त्या विचारत. “ढग, तुझं काय?” अशी विचारपूस चालू असतानाच मागून कोणीतरी आलं आणि मावशी आडव्या झाल्या.

पडद्यावर अक्षरं उमटली. सोबत्याने येऊन उचलेपर्यंत थांबा, किंवा बटण दाबून एकटे सुरुवातीच्या दरवाज्यापाशी परत जा. खाली आकडे उलटे पळू लागले. तीस, एकोणतीस. मावशींचं बोट त्या बटणावर गेलं. आपल्यापायी तिघांचा खोळंबा नको.

“मावशी, बटण दाबू नकोस!” खिळा ओरडला. “आलोच मी!”

तो धावत निघाला आणि वाटेतच पडला. ढग त्याला उचलायला वळली. तिघांची तारांबळ उडाली. अकरा वर्षांत मावशी एकदाही पहिल्या पडल्या नव्हत्या. वैद्य पडला तर सगळे गेले, म्हणून त्या जिवापाड जपून राहायच्या. आता त्या आकाशाकडे तोंड करून पडल्या होत्या आणि राक्षस त्यांना ओलांडून इकडून तिकडे जात होता. लाजेने त्यांचे कान तापले. बोट अजून बटणावरच होतं.

“मी येतोय,” मास्तर म्हणाले. “तुम्ही हलू नका.”

“मला हलताच येत नाहीये, मास्तर.”

“जेवायला वाढू का गं?” स्वयंपाकघरातून हाक आली.

“थांबा हो जरा!” मावशी ओरडल्या. “मी पडलेय. उचलायला येताहेत.”

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि नवरा ओल्या हातांनी धावत बाहेर आला. बायको खुर्चीत धड बसलेली पाहून तो दारातच थबकला.

“कुठे पडलीस?”

मावशींनी पडद्याकडे बोट केलं. दगडांवर एक छोटीशी बाई उताणी पडली होती. लांबून शिरस्त्राण घातलेलं कोणीतरी धडपडत, दोनदा भलत्याच दिशेला जाऊन, तिच्याकडे येत होतं. नवरा चष्मा कपाळावर सरकवून वाकला.

“हा कोण?”

“मास्तर.”

“पोचतील का?”

“काय माहीत. बारा सेकंद राहिलीत.”

नवऱ्याने हात पँटला पुसले आणि स्टूल ओढून तो शेजारी बसला. मावशींनी बोट बटणावरून काढलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या वाट बघत राहिल्या.