पाटीमागचं गवत

किमाइयो साहेबांची मोटरसायकल दारात थांबली, तेव्हा चेरोटिचच्या आईने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला. अकरा गावांत चाऱ्याचा सल्ला देणारा हा एकच माणूस! त्याला भेटायला ती तीन वेळा कापसाबेत शहरातल्या कचेरीत जाऊन आली होती, आणि तिन्ही वेळा साहेब 'फिल्डवर' होते. हे फिल्ड म्हणजे नक्की कुणाचं शेत, ते अख्ख्या टेकडीवर कुणालाच माहीत नव्हतं. आता तेच साहेब आपणहून आले होते, कारण आईचा जमिनीचा तुकडा डांबरी रस्त्याला लागून होता.

नव्या जातीच्या हत्तीगवताची कांडी लावली. पुढे हिरवीगार पाटी ठोकली, तिच्यावर हसरी गाय. साहेबांनी दिलेलं इंग्रजी पत्रक चेरोटिचने चुलीपाशी बसून वाचून दाखवलं. गवत कमरेएवढं झालं की कापायचं. त्याहून वाढू दिलं तर खोड लाकडासारखं होतं, गाय तोंड लावत नाही आणि दूध आटतं.

"कुणाच्या कमरेएवढं?" आईने विचारलं. "तुझ्या की माझ्या?"

"तुझ्या! मी तर अजून वाढतेय."

मे महिन्यात गवत आईच्या कमरेला लागलं. तिने कोयता घासला. चेलेल, त्यांची एकुलती एक पांढरी गाय, कुंपणावरून मान काढून हंबरली. आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर मोटरसायकल करकचून थांबली.

"अहो, चेरोटिचच्या आई! हात लावू नका! पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे येतायत. त्यांनी काय बुडख्यांचे फोटो काढायचे?"

"पण साहेब, पत्रकात तर..." चेरोटिच मध्येच बोलली.

"पत्रक मीच लिहिलंय, पोरी."

साहेब गेल्यावर चेरोटिच नुसती धुमसत होती. "गवत आपलं, गाय आपली. कापून टाकू!"

"आणि साहेब रुसले तर? हा चढ चढून पुन्हा कोण येणार?" आई म्हणाली. "हिरवा चारा मुरवून साठवतात, तो मुरघास कसा भरायचा ते मला विचारायचंय. शेंगांचा चारा कुठला लावायचा ते विचारायचंय." प्रश्न तिने बोटांवर मोजून ठेवले होते, आणि आता दुसऱ्या हाताची बोटंही लागायला लागली होती.

पुढचा आठवडा चांगला पाच आठवडे चालला! चेलेलला मक्याची वाळकी ताटं आणि रस्त्याकडेचं धुळीने माखलेलं गवत मिळत होतं. सकाळची बादली आधी अर्धी भरू लागली, मग पाव, मग नुसता तळ ओला. दूध विरजायचं सुक्या भोपळ्याचं भांडं खुंटीवर कोरडं ठणठणीत लटकलं. शाळेला जाताना चेरोटिच रोज गवताशेजारी उभी राहून उंची मोजायची. गवत गळ्याला आलं, डोक्याला आलं, मग तिला खाली सोडून वरच निघून गेलं.

शेवटी पाहुणे आले. दोन गाड्या, चाळीस मिनिटं. आईने चहा दिला तो कोरा. गाईवाल्या घरात पाहुण्याला कोरा चहा! तिने मान वर केली नाही.

"वा, दूध न घालता!" पाहुणीबाई खूश झाल्या. "मला असाच आवडतो."

सगळे हसले. किमाइयो साहेब तेवढे कपात बघत राहिले. मग सगळ्यात उंच पाहुण्याने गवतात शिरून हात वर केला, गवत त्याच्याही वर निघालं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

"साहेब, तो मुरघास..." आईने सुरुवात केली.

"पुढच्या खेपेला नक्की, चेरोटिचच्या आई!" मोटरसायकल सुरूसुद्धा झाली होती.

त्याच दुपारी दोघींनी कापणी काढली. कोयता खोडावर खणखण वाजत होता. चेलेलने शेंड्याची चार पानं ओरबाडली, खोड हुंगलं आणि तोंड फिरवलं. आई तिच्याजवळ रिकामे हात घेऊन उभी राहिली.

तेवढ्यात खालच्या वाडीची कोगो ताप्कीगेन काठी टेकत वर आली. कोगो म्हणजे आजी, आणि ती अख्ख्या टेकडीचीच कोगो होती.

"साहेबानं काय शिकवलं ते आम्हालाही सांगा की गं! आमच्याकडे कोण कुत्रं फिरकत नाही."

चेरोटिचने एका दमात सगळं सांगून टाकलं: कमरेएवढं झालं की कापा, थांबू नका, खोड होऊ देऊ नका.

कोगो दात नसलेलं तोंड उघडून मनसोक्त हसली. "कमरेएवढं? आणि तुमचं छपराला लागलं ते? गोरे लोक काय बुटकं गवत बघायला आले होते? गुपित सांगायचं नसेल तर नका सांगू, पण म्हातारीला बनवू नका!"

"कोगो, शपथ! पत्रकात लिहिलंय."

"डोळे आहेत मला. पाटीवाल्यांचं बघून मीही महिनाभर कोयता लावलेला नाही. माझ्या दिरानंही नाही."

चेरोटिचने उताराकडे पाहिलं. रस्त्यापासून थेट ओढ्यापर्यंत, बांधाबांधाला माणसाच्या डोक्यावर गेलेलं हत्तीगवत दिमाखात डुलत होतं. कुणीही कापत नव्हतं.

"आणि दूध, कोगो?" तिने हळूच विचारलं.

"कमी झालंय सध्या," कोगो म्हणाली. "येईल की. आधी आमचं गवत तुमच्या गवताएवढं तर होऊ दे."