मोजलेली वाघळं

त्या रविवारी सटवाजीनं भाकरी लवकर खाल्ली, पितळी तांब्या घासून घेतला आणि चिंचोक्यांचं गठुडं मांडीवर घेऊन ओट्यावर लेकीची वाट बघत बसला. कोकिळा आत पेपर तपासत होती. गंगाखेडच्या कॉलेजात ती मराठी शिकवायची. सुटीला परभणीत गाडी बदलून गावी यायची, आणि पेपरांचा गठ्ठा बरोबर असायचाच.

"चल बाई," सटवाजी म्हणाला, "वाघळं काय तुझ्या पेपरासाठी थांबायली न्हाईत."

वालूरच्या अलीकडे, ओढ्याकाठी, त्यांच्या शेताच्या बांधावर एक जुनी चिंच होती. तिच्यावर वाघळं लटकायची, कधीपासून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीत त्या बाजूला कुणी फटाका वाजवत नसे. वर्षापूर्वी कोकिळेनं एका साप्ताहिकात पुण्याच्या कुठल्याशा मंडळाचं आवाहन वाचलं होतं. कायद्यानं वाघळाला उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला बसवलंय, कुणीही मारावं. ते बदलायचं तर कुठं किती वाघळं उरलीत हे सरकारपुढं मांडायला हवं, आणि ते गावोगावच्या लोकांनीच कळवावं. तिनं ते बापाला, नानाला, वाचून दाखवलं आणि विसरली. नाना विसरला नाही.

मोजायची रीत त्यानंच काढली. दिवस मावळताना वाघळं उडायला लागली की खाली बघून चालत नाही, नजर हलली की चुकलं. म्हणून मान वर, हात तांब्यावर, आणि दहा गेली की एक चिंचोका आत. पहिल्याला तो 'एक' म्हणत नसे. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला म्हणतात तसं 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन. घरी येऊन चिंचोके परातीत ओतायचा आणि आकडा कार्डावर लिहून पुण्याला धाडायचा.

शेजारच्या शेताचा मुंजाजी, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, बांधावर बसून चिडवायचा.

"सटवा, म्हसरं हायेत का ती तुझी, मोजायला?"

"म्हसरं असती तर दूध दिलं असतं. ही नुसती डोक्यावर मुतायलीत."

"जित्या जिवाला मोजू नये बाबा. नजर लागती."

"म्हणून तर लाभ म्हणायलोय. गप बस, चुकवलंस बघ."

कोकिळा हसली. पण तिचं ध्यान झाडावर नव्हतं.

आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा तोंडातोंडी झाली होती. कोकिळेला बाजू घ्यायची नव्हती, ती कधीच घेत नसे. आवाज चढायला लागले तसं विषय बदलावा म्हणून तिनं वाघळांची गोष्ट काढली. चिंच दिवसा कशी काळीभोर दिसते, नाना चिंचोके कसे टाकतो. सगळे गप्प होऊन ऐकायला लागले. इतिहास शिकवणारे आबासाहेब घरचे जमीनदार, बंदुकीचे शौकीन. ते म्हणाले, आमच्या मातोश्रींचे गुडघे धरलेत, वाघळाच्या तेलानं लय आराम पडतो म्हणतात. "कुठल्या शिवारात म्हणालात, मॅडम?"

आणि तिनं सांगितलं. गाव, ओढा, फाट्यावरून आत वळणारी गाडीवाट, सगळं नीट. इतकी माणसं कान देऊन ऐकत होती.

आता नानाच्या शेजारी उभं राहून तिला वाटलं, सांगून टाकावं. चार दिवस राखणीला तरी कुणी बसेल. पण नाना मान वर करून पुटपुटत होता, मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. आबासाहेब सहज बोलले असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती गेली.

त्याच आठवड्यात भर दुपारी जीप आली. बार ऐकून सटवाजी अनवाणी पळत सुटला, तोवर पोती भरून माणसं निघूनही गेली होती. वाचलेली वाघळं उन्हात घिरट्या घालत राहिली. दिवस मावळताना गेली ती परतली नाहीत.

आबासाहेबांनी तिला स्टाफरूममध्ये गाठून आभार मानले. आईला फरक आहे, म्हणाले. तिनं मान हलवली आणि तासाला निघून गेली.

गावात मात्र एकच बोलणं झालं. इतकी वर्षं कधी जीप आली न्हाई. सटवानं मोजलं, नजर लागली. मुंजाजीनं चिडवणं सोडलं, ते सटवाजीला जास्त लागलं.

पुढच्या सुटीत त्यानं लेकीला विचारलं, "कोकिळे, तू शिकलेली हायेस. माझ्या मोजण्यानं तर न्हाई ना झालं हे?"

"नाना, ती अंधश्रद्धा आहे," ती म्हणाली. असल्या समजुती कशा तयार होतात, निजामाच्या काळात वसुलीवाल्यानं मोजू नये म्हणून शेतकरी धान्याची रास कशी झाकून ठेवायचा, तिनं वाचलेलं सगळं सांगितलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. सटवाजीनं वर्गातल्या पोरासारखं ऐकून घेतलं.

"व्हय," तो म्हणाला. "पण मंग त्यांना झाड कळलं कसं?"

तिनं पेपरांचा गठ्ठा पुढं ओढला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नाना गेला. छातीत कळ आली आणि संपलं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल नुकताच लागला होता, दंगलीच्या भीतीनं एस.ट्या बंद होत्या. कोकिळा पोचली ती राख सावडायला.

चैत्रात आईचा निरोप आला, वाघळं आलीत. थोडीच हायेत, पण आलीत.

ती आली. दिवस कलल्यावर माळ्यावरून तांब्या काढला, गठुडं घेतलं आणि चिंचेकडं गेली. आई, धुरपताबाई, आधीच तिथं बांधावर बसली होती, जवळ मुंजाजी. लेकीच्या हातात तांब्या बघून ती उठली आणि तिनं तो काढून घेतला.

"मोजायचं न्हाई."

"माय, पुण्याच्या लोकांना..."

"मरू दे पुण्याचे लोक. एकदा मोजलं, काय झालं बघितलं न्हाईस?"

"तुझी माय खरं बोलायलीय," मुंजाजी जमिनीकडं बघत म्हणाला. "सटवाला मी किती सांगितलं. आयकलं न्हाई त्यानं."

"जाताना बी त्येच," धुरपताबाई म्हणाली. "छाती धरली व्हती, तरी त्येच. धुरपता, माझ्या हातानं गेली गं वाघळं. दुसरं काय बोलला न्हाई."

अंधश्रद्धेबद्दलची वाक्यं कोकिळेला अजून पाठ होती. ती ओठांपर्यंत आली. वर एका फांदीवर एका वाघळानं पंख उलगडला, पुन्हा अंगाभोवती लपेटून घेतला. आई तांब्या पोटाशी धरून उभी होती, लेकीकडं पाठ करून.

"मोजल्यानं न्हाई गेली, माय," कोकिळा म्हणाली. "मी सांगितलं व्हतं. आमच्या कॉलेजातल्या एकानं विचारलं, आन् झाड कुठं हाय ते मी सांगितलं. तेलासाठी मारायचीत त्याला, हे मला ठावं व्हतं. नानानं विचारलं तवा बी मी बोलले न्हाई."